हँडलला प्ले आहे

सकाळी दहाच्या मीटिंगला मी म्हणते, आज होईल.
काल पण म्हणाले होते. परवा पण.
तिकीट नंबर चारशे बारा:
पावतीवर तारीख उलटी छापते.
अर्ध्या तासाचं काम
सहा दिवस माझ्या टेबलाशी बसून आहे,
पाहुण्यासारखं,
आणि मी ताट वाढत नाही.

रिकामी बसते असं नाही.
तारीख बघायला गेले,
तर तो कोड कुणी लिहिला ते बघितलं,
लिहिणारा आता जपानात आहे असं कळलं,
जपानात म्हशी असतात का ते शोधलं,
मग गंगावेशीतल्या म्हशी आठवल्या,
त्यांच्या अंगाला येणारी वाफ, हातातला पेला,
मग आठवलं, दूध गॅसवर ठेवून आलेय.
फोन केला.
"केव्हाच बंद केला," आई म्हणाली,
तिच्या त्या आवाजात.

आणि हीच मी
गळीत हंगामात, कारखान्याचा वजनकाटा बंद पडला
त्या रात्री नऊला बसले ती सकाळी आठला उठले.
फाटकाबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग,
ड्रायव्हर शेकोटी करून बसलेले,
माझ्या डोक्यात मात्र एकच स्वच्छ ओळ.
पाणी नाही, भूक नाही, पाय बधिर.
सगळे म्हणाले, नाद खुळा.
घोरपडे सर म्हणाले,
"एवढं जमतं, मग तारीख का जमत नाही?"

प्रगतीपुस्तकात बाई लिहायच्या: हुशार आहे, पण.
पणच्या पुढे दर वर्षी वेगळं काहीतरी.
चौतिसाव्या वर्षी टाकाळ्यावरच्या डॉक्टरांनी
त्या पणचं नाव सांगितलं. एडीएचडी.
आई म्हणाली, "म्हणजे आळसच की गं, फी भरून."
मी हसले. चिठ्ठी रिक्षात राहिली.
घरी येऊन मात्र बाथरूममध्ये नळ सोडून
बराच वेळ बसले. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

आमचं ऑफिस उद्यमनगरात, एका शेडच्या वर.
खाली शिकलगारमामांचं लेथ.
जमिनीतून दिवसभर एक गुणगुण येते पायात,
तिच्यावर मी बरेचदा विचार टेकवून ठेवते.
सातव्या दिवशी खाली जाऊन उभी राहिले.
मामांनी हँडल फिरवलं.
"टूल हललं का?"
नाही.
"स्क्रू झिजलाय. प्ले हाय हँडलला.
सव्वा फेरा नुस्ता हवंत जातोय.
नवं पोरगं येतंय, त्याला वाटतंय मशीन बंद हाय,
मग त्यो जोर करतोय,
आन् टूल घुसतंय कामात."
"मग तुम्ही काय करता?"
"मोजतोय. सव्वा फेरा सोडून देतोय.
त्येला शिव्या देऊन काय उपेग?"

वर आले. तिकीट उघडलं.
चहा केला. पेनांची टोपणं लावली.
बहिणीला विचारलं, आपण शाळेत होतो तेव्हा
शेजारच्या कुत्र्याचं नाव काय होतं.
हा हवेतला फेरा, म्हटलं. जाऊ दे.
फेरा सव्वा नव्हता, साडेचार होता.
पण पाचव्याच्या आत कुठंतरी
दात दातात बसल्याचं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगला खरं ते सांगितलं:
माझ्या हँडलला प्ले आहे, काल झालं काम.
घोरपडे सरांनी वहीत लिहिलं, अडचण: हँडल.

रात्री अकराला अंथरुणात आठवलं,
बदल केलाय,
पाठवलाच नाही.
लॅपटॉप ऑफिसात.
तशीच निघाले, अंगात आईचा स्वेटर.
शेडला कुलूप, लेथवर गोणपाट, जिना अंधारात.
बटण दाबलं. वाट बघितली.
पावती आली,
तारीख सुलटी,
आणि तेवढ्यात बारा वाजून गेल्यामुळं
उद्याची.

खिडकीतून खाली बघितलं.
रस्त्यावर कुणी नव्हतं.
माझी गाडी दिवा लावून, चालूच होती.